आभार आधी मानायचे

शालिनीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते, आणि स्क्रीनवर तिचं नाव दिसताच मी उठले. शालिनी एरवी मेसेज करते, फोन करत नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन उचलला. "स्मिता, आई गेली गं," ती म्हणाली, "जेवली, उन्हात खुर्ची टाकून दिली, मी ताटं विसळून येते तोवर..." मनूमावशी गेल्या. हॉस्पिटलातून सुखरूप घरी आल्या होत्या, दिल्लीच्या हवेने धरलेली छाती मोकळी झाली होती, आदल्या रविवारी तर मी त्यांच्या हातचा चहा पिऊन आले होते. कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी रडले, डोळे पुसले, आत जाऊन लॅपटॉप बंद केला आणि आर. के. पुरमला निघाले.

त्याला आता काही आठवडे झाले. अशा लेखात माणसाने गंभीर असावं, हे मला कळतं. पण माझा नाइलाज आहे. घरात एक अशी गोष्ट घडू घातली आहे की मी चालता चालता मध्येच थांबते आणि उगाच हसते. संजीव, म्हणजे माझा नवरा, परवा म्हणाला, "अगं, दूध उतू चाललंय, तुझं लक्ष कुठे आहे?" ती गोष्ट काय ते सांगते, पण क्रमाने. मावशींना क्रमाचं वावडं होतं, मला तो लागतो. किंबहुना आमच्या दोघींचं सगळं भांडण तेवढ्यावरच होतं.

मनूमावशी म्हणजे मनोरमाबाई. नगरकडच्या. लग्न होऊन दिल्लीला आल्या त्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आणि काका निवृत्त व्हायच्या सुमारास लेक शालिनी केंद्र सरकारच्याच नोकरीत लागली, म्हणून तिच्या नावच्या क्वार्टरमध्ये पुन्हा आर. के. पुरमलाच. "सेक्टर बदलले, भाजीवाला तोच," असं त्या म्हणायच्या. माझं त्यांचं रक्ताचं नातं काही नाही. लग्नानंतर आम्ही पुण्याहून इकडे आलो, संजीवला मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, मला गुडगावात एका विमा कंपनीत. पहिल्या रविवारी मराठी उपासना शोधत गेलो. आमची मंडळी, म्हणजे चर्चचा मराठी गट, लहान, इमारत दुसऱ्यांची. सकाळी हिंदी उपासना, मग इंग्रजी, आणि आमच्या वाट्याला भर दुपार. निम्मे लोक जेवून आलेले, डोळे मिटलेले, आणि ते प्रार्थनेतच आहेत याची काही खात्री नाही. पहिल्या बाकावर एक ठेंगणी बाई मात्र सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गात होती, टाळ्या वाजवत, ताल सोडून. उपासना संपताच सरळ माझ्यापाशी आली, मनगट धरलं आणि म्हणाली, "नवी आहेस ना? चलो, जेवायला." आम्ही जेवून आलो आहोत हे सांगायचीही सोय नव्हती.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. घरात काही चांगलं झालं, आजारी माणूस उठलं, मुलगा पास झाला, घर झालं, की मराठी ख्रिस्ती घरात आभाराची प्रार्थना ठेवतात. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, येतात, गीतं होतात, ज्याचं काम झालं तो उभा राहून चार शब्द सांगतो आणि मग खाणं. सगळीकडे हे काम झाल्यावर होतं. मावशींकडे व्हायचं आधी! शालिनीच्या नोकरीची मुलाखत पुढच्या आठवड्यात, आभार या शनिवारी. आपल्याकडची परीक्षेची तयारी करणारी मुलं, कुणी नांदेडचं, कुणी परभणीचं, निकाल लागायचा असताना मावशींकडे बसून गुळाची लापशी खाताहेत आणि आपल्याच निकालाचे आभार ऐकताहेत, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यातला एक जण नापास झाला. तो तोंड लपवत फिरत होता, तर मावशींनी त्याला चर्चच्या फाटकात गाठलं आणि म्हणाल्या, "अरे, लापशी काय तुझ्या मार्कांची होती का? ये गुपचूप जेवायला."

माझ्या नोकरीचं स्वरूपच असं की एखाद्या कामात काय काय बिघडू शकतं ते आधी शोधून काढायचं. पगार त्याचाच मिळतो. आणि स्वभावही तोच. पक्कं झाल्याशिवाय मी कुणाला काही सांगत नाही. घर घेतलं तेव्हा चाव्या हातात पडेपर्यंत सख्ख्या आईला पत्ता सांगितला नव्हता. त्यामुळे मावशींचं हे प्रकरण मला झेपत नव्हतं. एकदा न राहवून विचारलं, अगदी नको तेच विचारलं, की काकांच्या आजारपणात तुम्ही असंच केलं होतं म्हणतात, आधीच आभार मानले होते... मग? मावशी कांदा चिरत होत्या. चिरतच म्हणाल्या, "मानले होते की. याच खोलीत." मग सुरी खाली ठेवली. "पण हे बरे होतील म्हणून नव्हते गं मानले. तो आपल्याला सोडणार नाही, याचे मानले होते. आणि नाही सोडलं त्याने. वरच्या मजल्यावरची हरप्रीत महिनाभर पोळ्या करून देत होती, आम्ही न सांगता. हे जाताना शांत गेले. मी उरले, शालू उरली, उभ्या राहिलो. अजून काय सोडत नाही म्हणजे?" आणि पुन्हा कांदा. मला ते पटलं नव्हतं. मूल हवं आणि होत नाही अशा दिवसांत माणसाला असली वाक्यं पटत नाहीत.

हो, तेच. आम्हाला मूल हवं होतं. सगळे उपाय झाले, डॉक्टर झाले, आणि एक दिवस संजीव म्हणाला, आपण दत्तक घेऊ या. नाव नोंदवलं. घर बघायला दत्तक संस्थेच्या बाई येऊन गेल्या, कपाटांपासून स्वभावापर्यंत सगळं तपासून गेल्या. मग सुरू झालं वाट बघणं. ज्यांनी ती बघितली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळायचं नाही. तान्हं बाळ हवं असं आम्ही कळवलं होतं, आणि तान्ह्या बाळांसाठी रांग ही अशी लांब. फोन वाजला की मी दचकायची. मावशींना हे ठाऊक होतं, कारण मावशींपासून काही लपत नसे.

आणि एकदाचा फोन आला! एक बाळ आहे, मुलगा, काही महिन्यांचा. फोटो आला. कपाळावर आठी, जणू आम्हीच उशीर केला म्हणून रागावलाय. आम्ही होकार कळवला, भेटीला जायची तिकिटं काढली. मी फक्त मावशींना सांगितलं, तेही बजावून, की कुणाला बोलू नका. मावशी पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "शनिवारी माझ्याकडे स्मिताच्या बाळासाठी आभाराची प्रार्थना आहे, सगळ्यांनी यायचंय." मी बाकाखाली शिरायचीच बाकी होते. जुन्या लोकांना मावशींची रीत माहीत होती, पण मंडळीत अर्धे लोक नवे, दर वर्षी बदलीवर येणारे. व्हॉट्सॲपवर संध्याकाळपर्यंत मला बाळ झालेलं होतं. शनिवारी माणसं आली ती झबली घेऊन! झबली, टोपडी, दुपटी, एकाने खुळखुळा, एका काकूंनी डिंकाचे लाडू, खास बाळंतिणीसाठी. "पोट दिसलंच नाही गं तुझं," त्या मला न्याहाळत म्हणाल्या, "आणि लगेच उभी काय राहिलीस? बस, बस!" त्यांना समजावता समजावता संजीव घामाघूम. मावशी मात्र पदर खोचून लापशी वाढत होत्या आणि म्हणत होत्या, "बाळ रस्त्यात आहे हो, घ्या, अजून घ्या."

खरं सांगते, त्या संध्याकाळी मीही सुखात होते. मांडीवर झबल्यांचा ढीग होता. एक पिवळं होतं, त्यावर बदकं. मी ते नाकाशी धरून वास घेतला.

आमची गाडी सुटायच्या आदल्या दिवशी दुसरा फोन आला. मुलाची आजी सापडली होती. दुसऱ्या राज्यात होती, तिला काही कल्पनाच नव्हती, आता ती नातवाला न्यायला आली होती. त्यात चूक कुणाचीच नाही, आजीचा हक्क पहिला, हे मला समजत होतं. समजण्याने काय होतं? मी तशीच मावशींकडे गेले आणि स्वयंपाकघराच्या दारातच फुटले. "घ्या, आता तुमचे आभार परत घ्या. सगळ्या गावाला सांगून बसलात!" मावशींनी गॅस बंद केला. माझ्या अंगावरून हात फिरवत त्याही रडल्या, अगदी माझ्याइतक्याच. मग नाक पुसून म्हणाल्या, "परत नाही घेता येत गं. पोचलेले असतात ते." थोडं थांबून म्हणाल्या, "त्या पोराला आजी मिळाली ना... चलो, तिचेही मानू." आणि त्यांनी तिथेच, ओट्याला टेकून, त्या न पाहिलेल्या म्हातारीसाठी प्रार्थना केली. मी डोळे मिटले नाहीत. जाताना म्हटलं, ती झबली तुमच्याकडेच ठेवा, मला घरात नकोत.

त्यांनी ठेवली. पण कपाटात नाही. पुढच्या थंडीत आर. के. पुरमला गेले तर क्वार्टरसमोरच्या हिरवळीवर, उन्हात, शेजारणींच्या घोळक्यात मावशी गोधडी शिवत बसलेल्या. आपल्या एका जुन्या मऊ साडीच्या घड्या घालून वर झबली उसवून जोडली होती. पिवळं, निळं, टोपड्यांचे त्रिकोण, आणि मधोमध बदकं. कुणी तमिळ, कुणी बंगाली, कुणी पंजाबी बायका येता-जाता विचारत, "आंटी, किसके लिए?" आणि मावशी दोरा दाताने तोडत सांगत, "हमारी स्मिता का बच्चा आनेवाला है." "अच्छा! कब?" "रास्ते में है." माझ्यासमोर! मला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

गोधडी बाळाएवढी झाली. बाळ आलं नाही. त्या पुढच्या थंडीत मावशींनी आणखी एक पट्टा जोडला, त्याच्या पुढच्या थंडीत आणखी एक. तीन बाजू धावदोऱ्याने पक्क्या करायच्या आणि चौथी उघडी ठेवायची, वाढवता यावी म्हणून. एकदा मी वैतागून म्हटलं, "मावशी, तान्ह्या बाळाला एवढी मोठी कशाला? बुडून जाईल त्यात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अगं, तू वाट बघतेयस तशी वर्षं तिकडेही जातातच की. पोर काय तुझ्या फोनसाठी तान्हंच राहणार आहे? वाढत असेल कुठेतरी."

मेट्रोत बसले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. हौज खासला गाडी बदलायची ती विसरले, पुढे जाऊन परत आले. घरी संजीव मानेसरहून नुकताच आला होता, कंपनीच्या बसने आंबून. त्याला दुसरा बूटही काढू न देता म्हटलं, आपण तान्हंच का मागतोय? कुठे तरी एखादं मूल पाच वर्षांचं होऊन आपली वाट बघत असेल तर? तो तसाच, एक बूट हातात घेऊन, खाली बसला. मग म्हणाला, "यार, मला तर शाळेतलं पोरच हवं होतं. क्रिकेट खेळायला. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." आम्ही दोघं इतके हसलो! दुसऱ्याच दिवशी वय वाढवून कळवलं. मावशींना सांगितलं तर त्या नुसत्या म्हणाल्या, "चलो," आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला.

त्यांना आता दिसत कमी होतं, दम लागत होता. हॉस्पिटलातून आल्यावर त्या रविवारी गेले, ती आमची शेवटची भेट. चहा त्यांनीच केला, शालिनी ओरडत असताना. मग आतून गोधडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. "ही घेऊन जा. माझ्याच्याने आता टाका धरवत नाही." मी म्हटलं, मूल आल्यावर तुम्हीच द्या ना तुमच्या हाताने. "तुझ्या फार अटी गं देवाला," त्या हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या. "मी असेन-नसेन. त्याचं काम काय माझ्या हातावर अडलंय? तो दिलेला शब्द पाळतो. तू फक्त गोधडीला ऊन दाखवत जा." मी ती मोठ्या पिशवीत कोंबली. मेट्रोच्या दारात तपासणीच्या यंत्रातून पिशवी सरकली तशी तिथल्या वर्दीतल्या बाईने उघडायला लावली. बोटाने बदकं चाचपत म्हणाली, "अरे वा, कितना सुंदर है! किसके लिए?" आणि मी, जिने इतकी वर्षं काय बिघडू शकतं एवढंच मोजलं, म्हटलं, "किसी के लिए नहीं. घर का है, बस."

त्यानंतर चारच दिवसांनी शालिनीचा तो फोन. दफनाच्या दिवशी सगळी मंडळी होती, आणि गीत आम्ही सगळ्यांनी मुद्दाम वरच्या पट्टीत धरलं. हरप्रीत आंटी काठी टेकत आल्या होत्या, पोळ्यांचा डबा घेऊन. तो त्यांनी शालिनीच्या हातात दिला. मला सारखं एकच वाटत होतं... थोडं थांबायला काय हरकत होती, मावशी?

आणि मग फोन आला. मावशींना जाऊन महिनाही झाला नव्हता. मुलगी आहे. सहा वर्षांची. तिचं नाव, गाव मी इथे सांगणार नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण तिचे पुढचे दोन दात पडलेत, एवढं सांगते! आम्ही होकार दिला आणि त्यांनी आमचं व्हिडिओवर बोलणं करून दिलं. ती आधी संस्थेतल्या ताईच्या मागे लपली. संजीवने क्रिकेटचं विचारलं तर नाक मुरडलं. मला काही सुचेना, मी उठून गोधडीच आणली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. ती हळूहळू पुढे आली. स्क्रीनला नाक लागेपर्यंत पुढे आली. "बत्तख," ती म्हणाली. मग, "ये किसका है?" आता बघा, अजून काहीच पक्कं नाही. भेट व्हायची आहे, कागद व्हायचे आहेत, शेवटचा हुकूम व्हायचा आहे, आणि मधल्या एखाद्या फोनने काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? संजीव माझ्याकडे बघत राहिला. आणि मी म्हटलं, "तेरा." ती विचार करून म्हणाली, "बहुत बड़ा है." मी म्हटलं, "तू भी बड़ी होगी ना!" तर ती हसली, दात नसलेलं, तोंडभर.

गेल्या रविवारी सूचनांच्या वेळी मी उभी राहिले. म्हटलं, "येत्या शनिवारी आमच्या मुलीसाठी आभाराची प्रार्थना आहे. शालिनीकडे, मावशींच्याच घरी. मुलगी अजून आलेली नाही." मागच्या बाकावरून कुणीतरी जोरात "आमेन" म्हणालं, आणि बायका रडायलाच लागल्या. मी घाईघाईने सांगितलं की या वेळी झबली आणू नका हो, सहा वर्षांची आहे ती! मुलगी आली नाही तर? हे मी स्वतःला विचारलं आहे, सवयच आहे मला. नाही आली तर मी आधीसारखीच स्वयंपाकघराच्या दारात रडेन, आणि शालिनी गॅस बंद करेल, आणि आम्हाला सोडलेलं नसेल. एवढं आता मला कळतं. आणि येणार आहे ती, येणारच!

आज शनिवार. लापशीचा गूळ संजीवने खांद्यावर घेतला, गोधडी मी घेतली. सकाळभर बाल्कनीत ऊन खाऊन ती फुगली आहे. चौथी बाजू तशीच उघडी आहे. मला शिवता येत नाही, आणि येत असतं तरी शिवली नसती, मुलगी वाढणार आहे. मेट्रोच्या दारात पिशवी यंत्रातून सरकली आणि वर्दीतली एक बाई, मागची नव्हे, दुसरीच, वाकून बघायला लागली. मी आपणहून चेन उघडली. तिने बदकांवरून हात फिरवला.

"किसके लिए है, मैडम?"

"हमारी बेटी के लिए."

तिने माझ्या मागे बघितलं, संजीवच्या मागे बघितलं. "कहाँ है?"

"रास्ते में है," मी म्हटलं.